घरचा कप

कवळीवाल्याने बशीतला चमचा उचलून टेबलावर ठेवला, उभ्या उभ्याच चहाचे चार घोट घेतले आणि कप ताईकडे सरकवून दिला. तळाशी साखर तशीच बसलेली होती. ही बाई ढवळत का नाही, देव जाणे, असं त्याच्या मनात रोज यायचं, तसं आजही आलं.

"संपव की रे छोट्या," ताई म्हणाली. "शेवटचा आहे. पावडर संपली."

"आज तर घरात पाच तऱ्हेचे चहा होणार आहेत."

"ते तुमचे. मी माझ्या चहाचं बोलतेय. बाहेर जातोयस तर येताना एक पुडा घेऊन ये. विसरशील."

"नाही गं विसरत."

ताईने पावडरचा रिकामा डबा घासला, धुतला आणि पालथा घालून ठेवला. तो बाहेर गेला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, टेबलावर अंथरायला पांढरा कागद घेतला, बिनवासाचा साबण शोधत तीन दुकानं फिरला आणि पुडा विसरून घरी आला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मोठी बहीण 'विसरशील' म्हणते ते काही उगाच नाही.

कवळ्या करणं हा त्याचा धंदा. शहरातले दंतवैद्य रोग्यांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टर, मेण आणि गुलाबी मसाला यांतून दात उभे करायचा. हात इतका साफ, की त्याच्या कवळ्या घालून निम्मं शहर हसत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. मसाला कालवायला एक पातळ औषध लागे. त्याचा वास असा उग्र, की परक्या माणसाने त्या खोलीत पाऊल टाकलं की नाकात झिणझिण्या येत. त्याला काहीच येत नसे. त्याचं नाक तिथंच मुरलेलं.

चहाचं खूळ डोक्यात शिरलं ते एका जहाजावरच्या आचाऱ्यामुळे. कवळी चपखल बसली म्हणून खूश होऊन आचाऱ्याने त्याला काळ्याकुट्ट चहाची एक वीट दिली. हो, वीटच! प्लास्टर तासायच्या सुरीने त्याने तिचा तुकडा पाडला, पाण्यात टाकला, प्यायला, आणि तोपर्यंत ताईच्या हातचा दूध-साखरेचा चहा मुकाट्याने पिणारा हा माणूस त्या दिवशी जो बिघडला तो बिघडलाच. मग सुट्ट्या चहापायी जाऊ लागल्या. कुठे वाळवलेल्या संत्र्याच्या सालीत भरलेला चहा; चहा चाखायच्या बैठकीतले पोस्टमास्तर म्हणाले, हे कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवतात. कुठे भाजलेल्या काड्यांचा चहा. तो ताईने केर समजून टाकून दिला आणि घरात दोन दिवस अबोला झाला. एकदा लोणी आणि मीठ घातलेला चहा त्याने यजमानाचं मन मोडू नये म्हणून तीन वाडगे प्यायला. येताना बसमध्ये मागच्या बाकावर आडवा पडून आला. घाटातलं प्रत्येक वळण त्याच्या पोटाने ओळखलं.

पण या सगळ्यांवर कळस होता तो धुराच्या चहाचा. डोंगरातल्या एका म्हातारीच्या खोपटात ओल्या लाकडांच्या धुरावर पानं सुकवतात असं त्याच्या कानावर आलं. हा गेला. म्हातारी काही विकेना. धुरात डोळे पुसत हा बसून राहिला. म्हातारी बोलताना सारखी गाल चाचपते हे त्याच्या लक्षात आलं. खिशातून कानस काढून त्याने तिथंच तिची कवळी एका बाजूने जराशी घासून दिली. म्हातारीने दात वाजवून पाहिले, हसली, आणि तांब्याचा डबा भरून चहा त्याच्या मांडीवर आणून ठेवला. ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती, की पोस्टमास्तरांना ती पाठ होती.

तो डबा त्याने जिवापाड जपला. स्वयंपाकघरात ठेवला तर फोडणीचे वास लागतील, म्हणून मागच्या खोलीत फळीवर, औषधाच्या बाटल्यांशेजारी ठेवला. आणि उठसूट उघडायचा नाही, खास माणूस आलं तरच काढायचा, असा नेम केला. खास माणूस बरेच महिने आलं नव्हतं.

आज येणार होतं. चहाच्या जुन्या पेढीची मालकीणबाई. तिला आपल्या पेढीसाठी चहा निवडणारा माणूस हवा होता. त्याने चाखायचे, त्याने ठरवायचे आणि डब्यावर त्याचं नाव छापायचं. कुणीतरी कवळीवाल्याचं नाव सुचवलं आणि बाई म्हणाली, बघू, तुमच्या बैठकीलाच येते.

"आज पक्कं करणार ना रे ती?" कप पुसता पुसता ताईने विचारलं.

"बघू."

"डब्यावर नाव म्हणजे मोठं असतं का रे? लांबून दिसेल असं?"

"ताई, आधी होऊ तर दे!" तो म्हणाला, पण त्याला हसू आवरलं नाही. आयुष्यभर त्याने लोकांच्या तोंडात बसणारं काम केलं. त्यावर कुठं कुणाचं नाव असतं? एकदा तरी आपल्या नावानं काहीतरी असावं असं त्याला फार वाटे, आणि हे घरात फक्त ताईलाच ठाऊक होतं. घरात दुसरं होतं तरी कोण? आई गेली तेव्हा तो पाटी-दप्तराच्या वयाचा होता. तेव्हापासून ताईच.

बैठकीची एक रीत होती. पाहुण्यांनी आपापले चहा आणायचे आणि यजमानाने त्यांत आपला एक मिसळायचा. त्याला म्हणायचे घरचा कप. कप सगळे सारखे, पांढरे. कुठल्या कपात काय आहे ते फक्त ओतणाऱ्याला माहीत, कारण कपाच्या बुडाला पेन्सिलीने खूण करायची ती त्याने. सगळ्यांनी चाखून मत द्यायचं आणि शेवटी यजमानाने आपला घरचा कप ओळखायचा. नाही ओळखला तर? तशी वेळ कवळीवाल्यावर कधी आली नव्हती. दुसऱ्यांवर आली तेव्हा त्यांना किती चिडवायचं ते मात्र त्याला चांगलं माहीत होतं.

ओतायचं काम ताईचं. तिने ते 'नाहीतरी कप मलाच घासायचे असतात' असं म्हणून अंगावर घेतलं होतं. खिडकीपाशी तराजू, वाळूचं घड्याळ आणि किटली मांडून ती उभी राहायची. चाखायची मात्र नाही. दूध नसलेला चहा तिने आयुष्यात तोंडाला लावला नव्हता.

दुपारी मंडळी आली. पोस्टमास्तर नेहमीप्रमाणे दारातूनच बोलत आले, त्यांच्यामागून वकील. मालकीणबाई सर्वांत शेवटी. वय झालेली, केस आखूड, बोलणं कमी. आजचे चारही चहा तिच्याकडूनच यायचे ठरले होते; ती चार पुडकी तिने ताईच्या हातात दिली आणि फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा चमचा काढून समोर ठेवला. कवळीवाल्याने तांब्याचा डबा आणून ताईपाशी ठेवला. झाकण तिनेच उघडलं. जरा थांबली, काही बोलणार असं वाटलं, पण पाहुण्यांसमोर काय बोलायचं म्हणून तिने मुकाट्याने पानं तराजूत घातली.

पाच कप टेबलावर आले.

पहिल्याला पोस्टमास्तर म्हणाले, ओल्या गवतासारखा. दुसऱ्याला वकिलांनी भिजलेलं लाकूड म्हटलं. कवळीवाला शेवटी बोलायचा, थोडंच बोलायचा, आणि बाई मान हलवायची. सगळं छान चाललं होतं.

तिसरा कप त्याने उचलला, फुर्रकन घोट ओढला, तोंडात घोळवला आणि जवळच्या भांड्यात थू करून टाकला.

"हा चहा आहे?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने हळूच बाईकडे पाहिलं. पेढीवाले कधी कधी परीक्षा घ्यायला मुद्दाम एखादा बाद चहा घुसडतात, हे त्याने ऐकलं होतं. म्हणजे हाच तो सापळा. इथं गुळमुळीत बोलणारा फसणार आणि स्पष्ट बोलणारा तरणार, असा हिशेब त्याने मनात केला आणि मग जिभेला हाड ठेवलं नाही.

"दवाखान्याचा वास येतोय याला. तोही दाताच्या दवाखान्याचा! माझ्याहून जास्त कुणाला कळणार? धूर वगैरे काही नाही, जळकं प्लास्टिक आहे. ज्यानं कुणी हा चहा सांभाळला ना, त्याला चहा कशाशी खातात तेसुद्धा माहीत नसणार. असल्या माणसाच्या हातात चहा देऊच नये."

पोस्टमास्तर टाळी वाजवून हसले. बाईने तिसरा कप चाखला, थुंकला आणि नुसतं "हं" म्हणाली. खिडकीपाशी ताईच्या हातातलं फडकं थांबलं होतं. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चौथा झाला. पाचव्याला त्याने डोळे मिटले. धूर, ओली लाकडं, डोंगरावरची थंडी, सगळं एका घोटात आलं. हा घोट काही त्याने थुंकला नाही.

"हा माझा," तो म्हणाला. "घरचा कप. हा मी झोपेतही ओळखेन."

बाईने पाचवा कप चाखला. हळूच खाली ठेवला. त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि मग ताईकडे.

"ताई, कप उलटे करून दाखवता ना?"

ताई पुढे आली. पण कप उलटा करायच्या ऐवजी तिने तिसरा कप उचलला आणि पदार्थ करपल्यावर बायका करतात तसा चेहरा केला.

"अगं बाई! हे काय करून बसले मी!"

"काय झालं?"

"अरे, हा तिसरा माझाच आला की! माझ्यासाठी म्हणून आपल्या घरच्या पावडरचा कोरा करून ठेवला होता, तोच इथं आणून मांडला. आणि यांचं निळं पुडकं ओतायचं राहूनच गेलं. मेलं लक्ष कुठं असतं माझं..."

"मग पाचवा?" वकिलांनी विचारलं.

"पाचवा याचाच. घरचा." असं म्हणत तिने पाचवाही उचलला, दोन्ही कप पाण्याच्या बादलीत बुडवले आणि अंगठ्याने त्यांची बुडं चोळू लागली.

पोस्टमास्तर खुर्चीतून उठलेच. "वा बुवा! काय जीभ आहे! एका घोटात घरातली चोरी पकडली!"

कवळीवाल्याच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ अंगात आनंद मावेना. चाखायच्या बैठकीत पावडरचा चहा, म्हणजे तसं बघितलं तर लाज आणणारा प्रकार. पण त्यातही आपलीच वाहवा झाली. ताईच्या चुकीने आपली परीक्षा आणखी अवघड झाली आणि आपण तीही पार केली! सगळे त्याच्याकडे बघत होते, आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. आणि त्याने दिलं.

"तरीच म्हटलं दवाखान्याचा वास येतोय कुठून! ताई रात्री ज्या वाटीत कवळी काढून ठेवते ना, त्याच वाटीत उकळला असणार."

हसण्याचा स्फोट झाला. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईही हसली. हसताना तिचे दात दिसले. ते त्यानेच केले होते, फार मन लावून, एक दात तर मुद्दाम किंचित तिरका, तिचा पूर्वी होता तसा. आजवर बाहेरच्या कुणाला कळलं नव्हतं. आता वकील तिच्या तोंडाकडे बघत होते. ताईचा ओला हात तोंडाशी गेला आणि पाहुणे जाईपर्यंत तो तिथून फारसा खाली आला नाही.

मालकीणबाई हसली नव्हती. तिने चमचा पुसून फडक्यात गुंडाळला. ताईने चारही पुडकी तिला परत दिली, निळं सर्वांत खाली.

"उद्या फोन करा," बाई कवळीवाल्याला म्हणाली. मग ताईकडे वळून म्हणाली, "तुम्ही चहा छान ओतता."

"झालं! पक्कं समजा!" जिना उतरता उतरता पोस्टमास्तर ओरडले.

संध्याकाळी कवळीवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. ताई कप घासत होती. तो स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहिला.

"ताई, आता तू तुझा चहा टाक बघू. घसा नुसता तुरट झालाय या सगळ्यानं."

"दूध तापवून देऊ?"

"दूध कशाला? चहा दे की."

"चहा कुठून देऊ? पावडर आणलीस का तू? सकाळी सांगितलं होतं ना..."

आणि ती थांबली. नळ चालूच होता. तिने तो बंद केला, मग उगाच पुन्हा सोडला.

"म्हणजे, थोडीशी होती," ती म्हणाली. "तीच मघाशी कोऱ्या चहात गेली."

तिला खोटं बोलता येत नसे. दुपारी कसं आलं कोण जाणे. मांडणीवर पावडरचा डबा सकाळपासून पालथा पडला होता, घासलेला, कोरडा. कवळीवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग मागच्या खोलीत गेला, तांब्याचा डबा उघडून नाकाशी धरला. काही नाही. धूर नाही, दवाखाना नाही, कसलाच वास नाही. डबा घेऊन तो गच्चीवर गेला, मोकळ्या हवेत चार श्वास घेतले आणि पुन्हा झाकण उघडलं.

दाताचा दवाखाना. दुपारी म्हणाला होता अगदी तस्सा.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तो चहा ओळखला नव्हता, हे एक. स्वतःच्या हाताने औषधाशेजारी ठेवून त्याचं वाटोळं केलं होतं, हे दुसरं. पण राहून राहून त्याच्या कानात वाजत होता तो स्वतःचाच आवाज, त्या वाटीबद्दल बोलणारा, आणि नंतरचं हसणं. जो वास त्याच्या फळीवरचा होता तो त्याने चारचौघांत ताईच्या तोंडाला चिकटवला होता.

तो खाली आला तेव्हा ताई अजून तोच कप पुसत होती.

"तिसरा माझा होता," तो म्हणाला.

"जाऊ दे रे."

"झाकण उघडलंस तेव्हाच तुला वास आला होता."

"आला थोडा. म्हटलं, असेल तुमच्यात चांगला मानत असतील. तुमचं काय सांगावं? काड्या पिता तुम्ही!"

"मग का बोललीस खोटं?"

"मग काय करू? ती बाई समोर बसलेली, आणि तू डोळे मिटून म्हणतोयस हा माझा." तिने कप खाली ठेवला. "माझ्या चहाला नावं ठेवली तर माझं काय जातं? मला सवय आहे. तुझ्या चहाला ठेवलेली नावं तुला सोसली नसती."

तो म्हणाला, "आणि ते वाटीचं?"

ताईने पुसलेला कप पुन्हा उचलला आणि पुन्हा पुसायला लागली.

"ते तू बोलशील असं नव्हतं वाटलं."

चुकलं म्हणावं, तर तो शब्द इतका लहान वाटला की त्याने तो तोंडातच ठेवला.

"हे बघ," ताई म्हणाली, "उद्या फोन करशील तेव्हा यातलं काही काढू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव छापून येऊ दे आधी."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर जाऊन उभा होता. पुडा आणून त्याने ताईच्या हातात दिला. तिने आधण ठेवलं. तो फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला. बाहेरच्या खोलीत जाऊन बोलता आलं असतं, पण त्याला ते ताईने ऐकायला हवं होतं.

"मी कवळीवाला," तो म्हणाला. "काल तो तिसरा कप ताईचा नव्हता. माझा होता. घरचा."

ताईने गॅस बारीक केला.

"माहीत आहे," पलीकडून मालकीणबाई म्हणाली.

"कसं?"

"पाचवा माझा होता. निळ्या पुडक्यातला. स्वतःचा चहा मी ओळखणार नाही होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमची बहीण इतक्या घाईनं बुडं चोळत होती, मी कशाला मध्ये पडू?" बाई म्हणाली. "तिसऱ्याबद्दल तुम्ही जे बोललात ना, ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तो चहा गेलाय. तुमची जीभ चांगली आहे, त्यात शंका नाही."

तो वाट पाहत राहिला.

"पण माझ्याकडे चहा बिघडला की ज्याच्या हातून बिघडला तो माणूस समोर उभा असतो. निवडणाऱ्या बायका असतात, भाजणारा असतो. त्यांच्यासमोर मी तुम्हाला कशी बसवू? ते वाटीचं ऐकलं आणि घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं, की नाही."

"आणि आता?"

"आता तुम्ही आपण होऊन सांगितलंत, बरं वाटलं. पण ठरलंय ते ठरलंय. ताईंना माझा नमस्कार सांगा."

त्याने फोन खिशात ठेवला आणि टेबलाशी येऊन बसला.

"काय म्हणाली?" ताईने पाठमोरीच विचारलं.

"म्हणाली, जीभ चांगली आहे."

"मग?"

"मग काही नाही. नाही म्हणाली."

ताई गर्रकन वळली. "माझ्यामुळे? मी ते खोटं बोलले म्हणून?"

"नाही गं. तुला नमस्कार सांगितलाय तिनं." मग त्याला ते पुरं करावंच लागलं. "माझ्यामुळे. वाटीमुळे."

ताईने चहा गाळला, त्याचा कप बशीत ठेवून त्याच्यासमोर आणला, बशीत चमचा ठेवला आणि परत ओट्याशी गेली. कपाला नाक लावायची त्याला सवय. मान खाली गेलीसुद्धा, पण त्याने ती आवरली आणि सरळ घोट घेतला. गरम होता, वर वर फिका, दुधाळ. तो पीत राहिला. मागे ताईने स्वतःच्या कपात साखर घातली आणि चमच्याने ढवळू लागली. किण् किण् किण् किण्, साखर पुरी विरघळेपर्यंत.

त्याने कप खाली ठेवला.

"ताई, तू तुझा ढवळतेस?"

"मग? ढवळल्याशिवाय गोड कसा होईल?"

"मग माझा का नाही ढवळत?"

"ऐका! तूच तर सांगितलं होतंस, ताई ढवळू नको, तळाची साखर मी चमच्यानं खाणार. त्याशिवाय तू चहाच प्यायचा नाहीस. नुसता थयथयाट!"

"कधी?"

"शाळेत होतास की."

तिने स्वतःचा कप उचलला आणि खिडकीकडे तोंड करून पिऊ लागली. कवळीवाला समोरच्या चमच्याकडे बघत बसला. इतकी वर्षं तो चमचा रोज सकाळी बशीत येत होता आणि रोज सकाळी त्याने तो उचलून बाजूला ठेवला होता.

त्याने उरलेला चहा संपवला, चमचा हातात घेतला आणि खाली मान घालून तळाची साखर खरवडू लागला. तो आवाज थांबून बराच वेळ झाला तरी ताईने मागे वळून पाहिलं नाही.